बार्शीत हरवलेला ताप, यवतला सापडलेला

बार्शीचं नाव निघालं की आपल्या भागातला माणूस काय सांगतो? भगवंताचं देऊळ. तूरडाळीचा बाजार. वयस्कर माणूस असेल तर बार्शी लाईट रेल्वे. मी त्यात आज एक भर घालतो. विषाणूंवर काम करणाऱ्या जगभरच्या लोकांच्या कागदपत्रांत बार्शी हे नाव गेली काही दशकं वेगळ्याच कारणाने येतंय. भारतातून चिकुनगुनिया नाहीसा झाला, त्याआधीची शेवटची नोंदवलेली साथ म्हणजे बार्शी, १९७३.

"नाहीसा झाला" हे शब्द पुन्हा वाचा. कारण तोच आजार सध्या तुमच्या-माझ्या गल्लीत आहे.

गेले तीन आठवडे आमच्या तालुक्याच्या गावात काय चाललंय ते इथल्या लोकांना सांगायला नको. दवाखान्यात बाकड्यावर जागा नाही. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, पण माणूस सकाळी उठून जमिनीवर पाय टेकवताना देवाचं नाव घेतो. मनगट, घोटे, बोटांची पेरं सुजलेली. परवा पालिकेचं पत्रक आलं, "परिस्थिती नियंत्रणात आहे". त्याच पत्रकात खाली, घरात डासांच्या अळ्या सापडल्या तर दंड. पत्रकाची बातमी मी दिली, ते माझं कामच आहे. पण चार ओळींच्या बातमीत या आजाराचा इतिहास मावत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

सुरुवात आफ्रिकेतून करावी लागेल. आज ज्याला टांझानिया म्हणतात तो तेव्हा टांगानिका होता, ब्रिटिशांच्या ताब्यात. त्याच्या अगदी दक्षिणेला, मोझांबिकच्या सीमेला लागून मकोंडे नावाचं पठार आहे. न्यूवाला हा तिथला जिल्हा. १९५२-५३ मध्ये तिथे तापाची अशी साथ आली की गावंच्या गावं अंथरुणाला खिळली. मॅरियन रॉबिन्सन यांनी रुग्ण पाहून लक्षणं लिहून ठेवली, लम्सडेन यांनी साथ कशी पसरली ते शोधलं, आणि रॉस यांनी रुग्णांच्या रक्तातून विषाणू वेगळा काढला. नाव मात्र डॉक्टरांनी दिलं नाही. ते लोकांनी आधीच देऊन ठेवलं होतं. मकोंडे भाषेत चिकुनगुनिया म्हणजे माणसाला वाकवून टाकणारा. मला हे नाव फार आवडतं. लॅटिन-बिटिन भानगड नाही, रुग्णाकडे बघून ठेवलेलं नाव. आपल्याकडे "अंग मोडून येणं" म्हणतात, तसंच.

(हे "चिकन" नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, कोंबड्या मारून पुरल्या, आणि त्याच सुमाराला हा ताप पसरला. लोकांनी दोन्हीची मोट बांधली. आमच्या गावात कित्येकांनी वर्षभर कोंबडी खाल्ली नाही आणि पाण्याचं टिपाड उघडंच ठेवलं. कोंबडीचा या आजाराशी काडीचा संबंध नाही.)

मकोंडे पठाराची एक गोष्ट वाचताना मी थांबलो. पठारावर पाणी नव्हतं. बायका खाली दरीतल्या झऱ्यांवरून पाणी वाहून आणायच्या आणि घरात मडक्यांत साठवून ठेवायच्या. मिळालं तर पावसाचंही. त्या साठवलेल्या पाण्यातच एडिस इजिप्ती डास वाढत होता. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, घरात कपड्यांमागे, पलंगाखाली बसून राहणारा. म्हणजे या आजाराचं पहिलंच वर्णन अशा मुलखातलं आहे, जिथे पाणी लांबून आणून भांड्यात जपून ठेवावं लागतं. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीडच्या वाचकाला यापुढे मी काही समजावून सांगायची गरज आहे का?

आपल्याकडे हा आजार तेव्हाच नवीन होता असंही नाही. १८२४ च्या सुमारास कोलकात्यात सांध्यांच्या तापाची मोठी साथ येऊन गेली. तिला पुढे डेंग्यू म्हटलं गेलं, पण डोनाल्ड केरी या अभ्यासकाने १९७१ मध्ये जुनी वर्णनं तपासून असं मांडलं की ही ओळखीची गफलत असावी, तो चिकुनगुनियाच असण्याची शक्यता जास्त. दोन्ही आजार एकाच डासाचे, दोन्हींत ताप, दोन्हींत अंगदुखी. आजही तालुक्याच्या दवाखान्यात दोन्हींना मिळून "व्हायरल" हेच एक नाव आहे, त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांना मी हसणार नाही.

प्रयोगशाळेत पक्की ओळख पटली ती १९६३ च्या कोलकात्याच्या साथीत. पुढच्या वर्षी मद्रास, वेल्लोर, पाँडिचेरी. १९६५ मध्ये विशाखापट्टणम, राजमहेंद्री, काकीनाडा, आणि आपल्या महाराष्ट्रात नागपूर. नागपूरच्या साथीत चिकुनगुनिया आणि डेंग्यू दोन्ही निघाले. तिथलेच रक्ताचे नमुने तपासताना पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक तिसराच विषाणू सापडला, त्याला त्यांनी नागपूरजवळच्या गावाचं नाव दिलं, चांदीपुरा. तो डासाचा नाही, वाळूमाशीचा. पण २००३ मध्ये आंध्रात लहान मुलं दगावली आणि २०२४ मध्ये गुजरातमध्ये, तेव्हा टीव्हीवर ऐकलेलं हे नाव आपल्या विदर्भातलं आहे, हे कितीजणांना माहीत होतं?

पुण्याची संस्था म्हणजे आजची एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५२ मध्ये आयसीएमआर आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ती व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून काढली. डास, गोचीड असल्या किड्यांमार्फत पसरणारे विषाणू शोधणं हेच तिचं सुरुवातीचं मुख्य काम होतं. करोनात आपल्याला हे नाव पाठ झालं, पण त्याआधी पन्नास-साठ वर्षं तिथली माणसं गावोगाव फिरून डास पकडत होती, रक्ताचे नमुने गोळा करत होती. त्या कामाला टाळ्या-थाळ्या मिळाल्या नाहीत.

तर १९७३, बार्शी. पद्बिद्री आणि ज्ञानेश्वर यांनी या साथीचा अभ्यास केला, तो छापून यायला १९७९ उजाडलं. त्यात आजारी पडलेल्यांचं प्रमाण ३७.५ टक्के आहे. शंभर माणसांमागे सदतीस-अडतीस. पाच माणसांच्या घरात दोघं अंथरुणावर, असा हिशोब करा.

हे साल लक्षात घ्या. बहात्तरच्या दुष्काळाच्या लगेच पाठीवर. विहिरी आटलेल्या, टँकरच्या पाण्यावर गावं, हाताला मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवलेलं. रांजण, हौद, पत्र्याचे डबे. दुष्काळ आणि साथ यांचा धागा मी माझ्या बुद्धीने जोडतोय, तो माझा तर्क समजा. पण मकोंडेची मडकी आणि बार्शीचे रांजण माझ्या डोळ्यांपुढे एकाच ओळीत उभे राहतात. आपण बहात्तरच्या आठवणी काढतो तेव्हा सुकडी, मिलो, रोजगार हमीची खडी फोडण्याची कामं सांगतो. त्या खडीवर हातोडा मारणाऱ्या हातांची मनगटं सुजली असतील, तर त्याची मजुरी कोणी दिली असेल?

बार्शीनंतर मात्र सामसूम. देशात कुठेच साथ नाही. १९८६ मध्ये एनआयव्हीच्या तेव्हाच्या संचालक डॉ. खुर्शीद पावरी यांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छोटं टिपण लिहिलं. त्याचा विषयच होता, भारत आणि आग्नेय आशियातून चिकुनगुनिया विषाणूचं नाहीसं होणं. पावरीबाई त्या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक, विषाणूंच्या कामात आयुष्य घातलेल्या. त्यांनी जे दिसत होतं तेच लिहिलं, आणि तेव्हा खरोखरच दिसत नव्हता. पुढे १९९४ मध्ये कोलकात्यात लोकांचं रक्त तपासलं, तर चिकुनगुनियाविरुद्धची प्रतिपिंडं चार टक्क्यांच्या आसपासच लोकांत सापडली, त्यातही पन्नाशीतल्या लोकांत जास्त. सरळ अर्थ असा की जुन्या साथीत आजारी पडलेल्यांच्याच शरीराला तो आठवत होता. नंतर जन्मलेल्या पिढीने त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. चिकुनगुनिया एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. त्यामुळे साथ येते, निम्मं गाव लोळवते आणि तिला नवं माणूस मिळेनासं झालं की ओसरते. मग वीस-तीस वर्षांत नवी पोरं जन्माला येतात, मोठी होतात, आणि गाव पुन्हा कोरं होतं. डास तर कुठेच गेलेला नसतो. फक्त विषाणू बाहेरून कोणाच्या तरी अंगात बसून यायचा बाकी असतो.

आणि तो आला होता. आता यवतची गोष्ट. पुणे-सोलापूर रस्त्यावरून एसटीने जाणाऱ्या प्रत्येकाने दौंड तालुक्यातलं हे गाव पाहिलेलं आहे. २००० मध्ये तिथे पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांत एनआयव्हीच्या लोकांना चिकुनगुनियाचा विषाणू सापडला. मौर्य, ठकारे, गोखले आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सत्तावीस वर्षं गायब असलेला आजार आपल्या हायवेवरच्या गावात, डासाच्या पोटात जिवंत! तेव्हा कुठल्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर हे घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो, आणि आम्हाला शिकवत होते की बातमी म्हणजे माणूस कुत्र्याला चावला. डासाच्या पोटातला विषाणू त्या व्याख्येत बसत नव्हता.

पुढची गंमत (गंमत कसली म्हणा) २००६ नंतर कळली. विषाणूचे जनुक तपासले तेव्हा दिसलं की १९६३ ते १९७३ चा, म्हणजे कोलकात्यापासून बार्शीपर्यंतचा विषाणू आशियाई घराण्याचा होता. २००६ चा आफ्रिकी घराण्याचा. आणि यवतचा? तोही आफ्रिकी. म्हणजे बार्शीचा जुना विषाणू तीन दशकं कुठे दडून बसला होता आणि परत उठला, असं नव्हतं. नवा पाहुणा आला होता आणि महासाथीच्या पाच वर्षं आधी तो पुणे जिल्ह्यात पोचलेला होता. पाच वर्षांची आगाऊ नोटीस! आपल्याकडे वीज कंपनीसुद्धा बिलासाठी एवढी मुदत देत नाही.

२००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर साथ भडकली, तिथून हिंदी महासागरातल्या बेटांवर गेली, आणि २००५ च्या अखेरीस आंध्र-कर्नाटकात. २००६ उजाडलं तेव्हा महाराष्ट्रात. त्या वर्षी देशात १३ लाख ९० हजारांच्या घरात संशयित रुग्ण मोजले गेले. सगळ्यात जास्त कर्नाटकात, साडेसात लाखांवर. ऑक्टोबरपर्यंतच्या आकड्यांत महाराष्ट्र होता २ लाख ५८ हजार ९९८. मोजलेले एवढे. ज्यांनी झाडपाल्याचा लेप लावून घरीच दिवस काढले ते यात नाहीत, आणि आमच्या भागात तेच जास्त होते.

माझी आई त्यातली एक. ताप चार दिवसांत गेला. पण पुढचे सात महिने तिला भाकरी थापता आली नाही. मनगट फिरायचंच नाही. ज्वारीच्या पिठावर हात दाबला की डोळ्यांत पाणी यायचं. वडिलांनी पोळ्या विकत आणायला सुरुवात केली आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटायची. कोणत्याही तक्त्यात तिचं नाव नाही, कारण तिचं रक्त तपासायला कोणी घेतलंच नव्हतं. आमच्या गल्लीत एक शिवणकाम करणारे काका होते, ते सहा महिने मशीनवर बसले नाहीत. ऊसतोडीच्या जोड्या त्या हंगामात अर्ध्या वाटेवरून परतल्या, उचल अंगावर घेऊन. चिकुनगुनिया जीव घेत नाही, असं तेव्हा प्रत्येक आरोग्य अधिकारी सांगायचा. बरं, जीव घेत नाही. पण ज्याचं पोट हातावर आहे, त्याचा हातच हा आजार धरतो. त्याचं काय?

आणि खरंच जीव घेत नाही का? याच प्रश्नासाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली.

मादागास्करच्या पलीकडे रियुनियन नावाचं बेट आहे, फ्रान्सच्या मालकीचं, लोकसंख्या तेव्हा पावणेआठ लाखांच्या आसपास. २००५-०६ मध्ये तिथे सुमारे २ लाख ६६ हजार लोकांना चिकुनगुनिया झाला. बेटाच्या तिसऱ्या हिश्श्याला. तिथल्या डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर चिकुनगुनिया लिहायला सुरुवात केली, तेव्हा असे दोनशेहून जास्त मृत्यू निघाले. बहुतेक म्हातारी माणसं, आधीच हृदयाचा, मधुमेहाचा, किडनीचा त्रास असलेली. बाळंतपणाच्या वेळी आईच्या अंगात विषाणू असेल तर बाळाला लागण होते आणि मेंदूपर्यंत जाते, हेही तिथेच नीट कळलं.

तोच विषाणू. तेच वर्ष. आपल्याकडे १३ लाख ९० हजार रुग्ण, आणि चिकुनगुनियाने थेट झालेले अधिकृत मृत्यू शून्य.

या शून्याला हात घातला अहमदाबादच्या लोकांनी. तिथल्या आयआयएममधले दिलीप मावळणकर आणि सहकाऱ्यांनी साधी गोष्ट केली. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदीच्या वह्या उघडल्या. आधीच्या चार वर्षांत ऑगस्ट ते नोव्हेंबर या महिन्यांत शहरात साधारण किती माणसं जातात ते काढलं, आणि २००६ च्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिलं. फरक निघाला २,९४४. अपेक्षेपेक्षा २,९४४ जास्त मृत्यू, एका शहरात, चार महिन्यांत, नेमके साथीच्या काळात. यातला प्रत्येक मृत्यू चिकुनगुनियाचाच, असं यावरून म्हणता येत नाही. पण एवढी माणसं गेली कशाने, याचं दुसरं पटणारं कारणही पुढे आलं नाही. हा निबंध २००८ मध्ये छापून आला. सरकारी शून्य शून्यच राहिलं.

माझा मुद्दा एवढाच आहे. दाखल्यावर "वृद्धापकाळ", "हृदयक्रिया बंद" एवढंच लिहायचं, तपासणी करायची नाही, आणि मग नोंद नाही म्हणून आजाराने कोणी मेलं नाही असं जाहीर करायचं, याला नियंत्रण म्हणत नाहीत. बार्शीनंतरची बत्तीस वर्षं खरोखर साथ नव्हती. पण आत्ता आमच्या गावात जे "नाही" आहे ते वेगळं आहे. इथे आहे, पण लिहिलेलं नाही. तालुक्यातून रक्ताचा नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी जायचा, तिथल्या ठरलेल्या प्रयोगशाळेत एनआयव्हीच्या किटवर तपासला जायचा. मी गेल्या आठवड्यात विचारलं, आपल्याकडून या महिन्यात किती नमुने गेले? उत्तर मिळालं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." दुसऱ्यांदा विचारलं तर, "तुम्हाला कशाला पाहिजे?"

बेलसरचं उदाहरण याच्या अगदी उलट आहे आणि ते आपल्याच राज्यातलं आहे. पुरंदर तालुक्यातल्या या गावात २०२१ च्या पावसाळ्यात ताप वाढला. नमुने पुण्याला गेले, त्यात चिकुनगुनिया निघाला, डेंग्यू निघाला, आणि जुलैच्या अखेरीस झिकाचा एक रुग्ण निघाला, महाराष्ट्रातला पहिला. नमुने गेले नसते तर तेही "व्हायरल"च होतं. झिकाचीही कथा अशीच मजेशीर आहे. १९४७ मध्ये युगांडाच्या जंगलात सापडलेला विषाणू. पुण्याच्या संस्थेने सुरुवातीच्याच काळात भारतीयांचं रक्त तपासून १९५४ मध्ये निष्कर्ष छापले, त्यात काहीजणांत झिकाविरुद्धची प्रतिपिंडं दिसली होती. त्या काळच्या तपासणीत जवळच्या दुसऱ्या विषाणूमुळे फसगत होऊ शकते, तेव्हा फार जोर देत नाही. पण प्रत्यक्ष रुग्ण देशात पक्का ओळखला जायला त्यानंतर साठ वर्षं गेली.

आता पालिकेच्या दंडाकडे येतो.

एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवते. ती वाळली तरी मरत नाहीत, कित्येक महिने तशीच राहतात. भांडं पुन्हा काठोकाठ भरलं, पाणी त्या अंड्यांना लागलं, की अळ्या बाहेर. आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ ते दहा दिवस लागतात. आरोग्य खातं "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा" म्हणतं ते या हिशोबाने. भांडं रिकामं करा, घासा, पालथं घाला. घासा हे महत्त्वाचं, नुसतं ओतून देऊन अंडी निघत नाहीत.

आता सांगा, आमच्या गावात नळ येतो आठव्या दिवशी. कधी नवव्या. दाब नसला तर दहाव्या. पाणी नक्की कधी येणार ते माहीत नसताना कोणती बाई शिल्लक अर्धं टिपाड गटारात ओतून देईल? ती जुन्यावर नवं भरते. मीही तेच करतो. म्हणजे अंड्यांच्या रेषेपर्यंत पाणी नेऊन पोचवण्याचं काम पाण्याची पाळीच करते, आणि पुढची पाळी येईपर्यंत डासाला लागतात तेवढे दिवसही देते. डासाने अर्ज करून वेळापत्रक मागितलं असतं तरी याहून सोयीचं मिळालं नसतं! आणि दंड कोणाला? टिपाडवालीला.

संध्याकाळी धुराची गाडी फिरते. पोरं मागे पळतात, फोटो निघतात, नगरसेवकाच्या स्टेटसला लागतात. हा डास दिवसा चावतो आणि घरात पलंगाखाली बसतो. रस्त्यावरचा धूर त्याच्यापर्यंत पोचतो तेवढा पोचतो, अळ्यांना तर काहीच होत नाही. धुरळणीवर झालेला खर्च मी माहिती अधिकारात मागितलाय, आला की इथे टाकतो.

तोवर घरच्यांसाठी कामाचं. ताप आणि सांधेदुखी असेल तर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, विश्रांती. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन किंवा "दुखण्याचं इंजेक्शन" मागून घेऊ नका, डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. म्हातारी माणसं, दिवस भरत आलेल्या बायका आणि तान्ही बाळं यांना घरी ठेवून वाट बघत बसू नका. चिकुनगुनियावर खास औषध नाही, प्रतिजैविकं देऊन उपयोग नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये पहिली लस मंजूर झाली, २०२५ मध्ये तिथेच तिचा परवाना स्थगित झाला, तेव्हा लसीची वाट पाहत टिपाड उघडं ठेवण्यात अर्थ नाही. झाकण नसेल तर जुनं धोतर किंवा साडी दुहेरी करून सुतळीने आवळा. हौद मोठा असेल तर गप्पी मासे सोडा, हिवताप कार्यालयात मागितले तर मिळतात. मच्छरदाणी दुपारीसुद्धा लावा, निदान आजारी माणसाला, कारण त्याला चावलेला डासच पुढच्या घरात विषाणू नेतो. हा डास लांब उडत नाही. तुम्हाला चावणारा बहुतेक वेळा तुमच्याच गल्लीत जन्मलेला असतो.

आणि मला एक मदत करा. खाली कमेंटमध्ये चार गोष्टी लिहा: गाव किंवा प्रभाग, नळ किती दिवसांनी येतो, गेल्या दोन महिन्यांत घरात किती जणांना ताप आणि सांधेदुखी झाली, आणि त्यातल्या किती जणांचं रक्त तपासलं. नावं लिहू नका. ज्यांना इथे लिहायचं नाही त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. आशाताईंनी स्वतःहून घरोघरची टिपणं ठेवली असतील तर त्यांच्याकडून ती समजून घ्यायला मी येईन. सोमवारी पालिकेची सर्वसाधारण सभा आहे, पाणीपुरवठा विषय क्रमांक सातवर आहे आणि साथरोग विषय क्रमांक अकरावर. दोन्ही विषयांच्या वेळी मी प्रेक्षागृहात बसणार आहे, तुमची यादी घेऊन.